मराठी नाताळ आणि आजीचा कुलाचार

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे मिशनांचे वार्षिक वृत्तांत, बाप्तिस्म्यांच्या नोंदवह्या, 'ज्ञानोदया'चे जुने अंक आणि कांहीं थोडीं आत्मचरित्रें एवढींच अभ्यासकाच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्यांची योग्यता कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या साधनांकडे नीट पाहिलें असतां असें दिसून येईल कीं, तीं देवळांत, शाळेंत किंवा छापखान्यांत निर्माण झालेलीं आहेत. घरांत निर्माण झालेलीं नाहींत. तीं लिहिणारे हात बहुतेक पुरुषांचे, आणि त्यांतहि पुष्कळसे परदेशस्थ पुरुषांचे आहेत. यामुळें देवळांत काय झालें हें त्यांवरून कळतें. चुलीपाशीं काय झालें हें कळत नाहीं. सण हा तर मुख्यतः चुलीपाशींच घडतो. नाताळच्या दिवशीं उपदेश कोणत्या वचनावर झाला हें वृत्तांतांत सांपडेल. परंतु करंजीचें सारण कोणीं ठरविलें, पहिला वाटा कोणाच्या घरीं गेला, आणि रात्रीं मुलांस येशूच्या जन्माची गोष्ट कोणत्या चालीवर सांगितली गेली, हें त्यांत सांपडणार नाहीं.

तेव्हां प्रश्न असा कीं, मराठी घरांतील नाताळ हा सण घडविला कोणीं आणि टिकविला कोणीं? याचें प्रचलित उत्तर 'मिशनऱ्यांनीं' असें आहे. हें उत्तर अपुरें आहे, व आपल्या प्रांतापुरतें तर तें बरेंचसें चुकीचें आहे, असें आमचें मत झालें आहे. सणाचें रूप ठरविण्याचा मोठा अधिकार घरांतील वृद्ध स्त्रीकडे, म्हणजे आजीकडे होता, हें दाखविण्याचा प्रयत्न आम्ही या लेखांत करणार आहों.

विवेचनासाठीं आम्हीं बीड जिल्हा मुद्दाम निवडला आहे. हा जिल्हा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत समाविष्ट झाला. त्याच्या उत्तरेस गोदावरी असून पलीकडे जालन्याचा मुलूख लागतो. पश्चिमेस आष्टी-पाटोद्याच्या बाजूस अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, जिल्हा लागतो. राज्यें निराळीं असलीं तरी लोकांच्या सोयरिकी, बाजार व जत्रा यांनीं ही सीमा कधींच मानली नाहीं. ख्रिस्ती मंडळ्यांच्या दृष्टीनें पाहतां, या जिल्ह्याच्या दोन अंगांस एकोणिसाव्या शतकांतील दोन मोठीं केंद्रें होतीं. पश्चिमेस नगरचें अमेरिकन मराठी मिशन, आणि उत्तरेस जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं वसविलेलें बेथेल गांव. नगरचें ठाणें १८३१ सालीं स्थापन झालें. नारायण शेषाद्रि यांनीं १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक होऊन मराठवाड्यांत आले, आणि निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनीं बेथेल उभें केलें.

आतां या दोन केंद्रांच्या मूळ परंपरा काय होत्या तें पाहूं. नगरचे पहिले अमेरिकन उपदेशक काँग्रिगेशनल पंथाचे होते. हा पंथ म्हणजे न्यू इंग्लंडांतील जुन्या प्यूरिटन लोकांचा वारसा. या प्यूरिटनांस नाताळचें वावडें होतें. मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६५९ सालीं नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड ठरविला होता. तो कायदा १६८१ सालीं रद्द झाला खरा, पण लोकांची वृत्ति पालटण्यास पुष्कळ काळ लागला. त्या राज्यांत नाताळ ही कायदेशीर सुटी १८५६ सालीं झाली. मुंबईस अमेरिकन मिशनचे पहिले लोक १८१३ सालीं उतरले, आणि नगरचें ठाणें १८३१ सालचें. म्हणजे हे उपदेशक स्वदेश सोडून निघाले तेव्हां त्यांच्या मंडळ्यांत नाताळ हा घरचा मोठा सण नव्हताच. स्कॉटलंडची गोष्ट याहून कडक. तेथील प्रेसबिटेरियन मंडळीनें नाताळला शास्त्राधार नाहीं म्हणून तो सोडला होता. १६४० सालीं तेथील पार्लमेंटानें नाताळची सुटीच बंद केली. आणि नाताळचा दिवस तेथें सार्वजनिक सुटीचा झाला तो १९५८ सालीं.

यावरून निघणारें अनुमान विचार करण्यासारखें आहे. बीडच्या दोन्ही अंगांस जे धर्मोपदेशक आले, त्यांच्या स्वतःच्या आज्यांनीं त्यांस नाताळचा कुलाचार शिकविलेला नव्हता. ज्याच्या घरीं जो सण नाहीं तो दुसऱ्याच्या घरीं तो सण कसा लावून देणार? इंग्रज सरकारच्या सुट्या, छावण्यांतील गोऱ्या अंमलदारांचे समारंभ, आणि पुढें नगरास आलेली इंग्लिश चर्चची एस. पी. जी. संस्था, यांचा परिणाम झाला नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. बीड जिल्ह्यांतच आंबेजोगाईस, तेव्हांच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकन लोकहि नाताळ पाळूं लागले. परंतु या सर्वांतून फार तर दिवस मिळतो, सुटी मिळते, देवळांतील उपासना मिळते. फराळ, पहिला वाटा, माहेरवाशिणीचें बोलावणें, भिंतींस चुना देणें, अंगण सारवणें व रांगोळी घालणें, टाळ-मृदंगावर रात्रभर भजन करणें, हें त्यांतून मिळत नाहीं. तें अन्यत्र कोठून तरी आलें पाहिजे.

'नाताळ' हा शब्दहि येथें साक्ष देतो. तो इंग्रजी नव्हे. पोर्तुगीज 'नाताल' यापासून आलेला आहे. नगरचे अमेरिकन व जालन्याचे स्कॉच यांच्या तोंडीं हा शब्द असण्याचें कारण नव्हतें. तो कोंकणपट्टीवरून, गोवा-वसईच्या बाजूनें, घाट चढून आला. आणि जेथें पोर्तुगीज सत्तेचा वाराहि पोंचला नाहीं त्या बालाघाटाच्या पठारावर तोच घरगुती शब्द होऊन बसला. मिशनाच्या भाषेपेक्षां लोकांची भाषा येथें बलवत्तर ठरली.

आतां एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मराठी मुलखांत ख्रिस्ती धर्मांत येण्याचीं मुख्य द्वारें तीन होतीं, आणि त्या तिन्हींतून आजी सारखीच आंत आली नाहीं.

पहिलें द्वार एकट्यानें येणाऱ्याचें. नारायण शेषाद्रि (१८४३), बाबा पदमनजी (१८५४), नारायण वामन टिळक (१८९५) हे या द्वारानें आले. अशा मनुष्याचें घर तत्क्षणीं त्याला पारखें होई. आई, आजी, आत्या, चुलत्या, सगळ्या पलीकडे राहत. त्याच्या नव्या घरांत धर्म असे, ग्रंथ असत, पण सणाची रीति सांगणारें वडीलधारें माणूस नसे.

दुसरें द्वार अनाथांचें. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांत हजारों मुलें मिशनांच्या अनाथाश्रमांत आलीं. केडगांवास पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत दुष्काळपीडित मुली व स्त्रिया मोठ्या संख्येनें राहिल्या. या मुलांस आजी नव्हती. असली तर ती दुष्काळांत गेलेली होती. त्यांचा नाताळ स्वभावतःच संस्थेचा नाताळ झाला. ओळीनें बसून जेवण, बक्षिसें, विलायतेहून पेटींतून आलेल्या बाहुल्या, शिकविलेलीं गाणीं. त्यांत प्रेम नव्हतें असें नाहीं. परंतु त्यांत कुळाची आठवण नव्हती.

तिसरें द्वार कुटुंबाचें व वस्तीचें. नगरकडील खेड्यांतून महार व मांग समाजांतील घरेंच्या घरें ख्रिस्ती झालीं. या लोकांनीं गांव सोडलें नाहीं, वस्ती सोडली नाहीं, चूल मोडली नाहीं. येथें मात्र आजी घरांतच राहिली. तिला कदाचित् वाचतां येत नसेल, उपदेशांतील बारकावे कळत नसतील. पण सणाला घर कसें सजवावें, कोणतें पक्वान्न आधीं करावें, कोणाच्या घरीं ताट पाठविलें नाहीं तर रुसवा होईल, हें तिच्याइतकें कोणासहि ठाऊक नव्हतें. नवा सण आला तेव्हां तिनें त्याला आपल्या जवळचे जुने अलंकार घातले. आजहि नगर व मराठवाड्याकडील ख्रिस्ती घरांत नाताळास करंज्या, लाडू, चकल्या, शेव, शंकरपाळे हाच फराळ होतो, आणि दिवाळींत जसा तो शेजाऱ्यांकडून येतो तसाच नाताळांत तो शेजाऱ्यांकडे जातो. ही देवघेव कोणत्याहि मिशनाच्या नियमावलींतून निघालेली नाहीं.

कुलाचार हा स्त्रियांच्या आठवणीवर कसा चालतो, याचा उत्कृष्ट दाखला खुद्द बीड जिल्ह्यांतच आहे. आंबेजोगाईची योगेश्वरी ही अनेक कोंकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. देवी घाटावर आणि कुळें समुद्रकांठीं, हें कोडें पुष्कळांस पडतें. देवीची कथा अशी सांगतात कीं, ती कोंकणांतून परळीच्या वैजनाथाशीं विवाह करण्यासाठीं निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागीं पाषाण झालें, देवी कुमारिकाच राहिली. आंबेजोगाईच्या शिवलेण्यांशीं, ज्यांस लोक हत्तीखाना म्हणतात, लोकांनीं या वऱ्हाडाची कथा जोडलेली आहे. कथेची ऐतिहासिक योग्यता कांहीं असो. आमचा मुद्दा निराळा आहे. शेंकडों कोसांवरील कोंकणी घरांत, जेथील कित्येक पिढ्यांनीं आंबेजोगाई डोळ्यांनीं पाहिली नव्हती, तेथें या देवीचा संबंध जिवंत ठेवला कोणीं? पोथीनें नव्हे, उपाध्यायानेंहि नव्हे. घरांतील वृद्ध बायकांनीं. विवाह, पुत्रजन्म इत्यादि मंगलकार्यानंतर कोंकणस्थ घरांत बोडण भरण्याची चाल आहे. सुवासिनी व एक कुमारिका अशा मिळून परातींत दूध, दहीं, तूप, मध, साखर व पुरणाचा नैवेद्य हातांनीं कालवितात. या विधींत पुरुषांचें काम नाहीं. परातीस कोणीं प्रथम हात लावावा, कुमारिकेस काय विचारावें, शेवट कसा करावा, हें सर्व घरांतील वडील स्त्री सांगते व बाकीच्या करतात. तिच्या मागें तिची सून सांगूं लागते. कागद नसतांनाहि विधि टिकतो, याचें कारण तो दरवेळीं हातांनीं करावा लागतो.

योगेश्वरीचा मोठा उत्सव मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत असतो, आणि मार्गशीर्ष हा बहुधा डिसेंबरांत येतो. म्हणजे आंबेजोगाईच्या परिसरांत एका घरीं देवीचें नवरात्र उठतें न उठतें तों दुसऱ्या घरीं नाताळची तयारी चालू होते. दोन्ही घरांतील वृद्ध स्त्रियांचें काम मात्र एकच असतें: क्रम सांगणें. नाताळ हें बोडण नव्हे, आणि तसें सुचविण्याचा आमचा हेतुहि नाहीं. श्रद्धेचे विषय भिन्न आहेत. परंतु परंपरा वाहून नेण्याचें यंत्र दोन्हीकडे एकच आहे, आणि इतिहासकाराचें लक्ष या यंत्राकडे गेलें पाहिजे.

वर सांगितलेल्या पहिल्या द्वारानें, म्हणजे एकट्यानें, आलेल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांच्या घरांत हें यंत्र बंद पडलें, असें आम्हीं म्हटलें. त्यास एक ठळक अपवाद आहे, आणि तो मराठी वाङ्मयांत अजरामर झालेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालीं करजगांवीं झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपुरास. दोन्ही घराणीं कोंकणस्थ. लक्ष्मीबाईंचे वडील सोंवळ्याच्या वेडानें पछाडलेले होते. घरांत आलेला जिन्नस धुतल्यावांचून चालत नसे. अशा घरांत वाढलेल्या मुलीनें सण, सोंवळें, नैवेद्य, माहेर-सासर यांची सर्व विद्या लहानपणींच आत्मसात् केली होती. १८९५ सालीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. नंतर नगरास गेल्या, तेथेंहि प्रथम आपलें सोंवळें त्यांनीं सोडलें नाहीं. आणि स्वतःच्या विचारानें जातिभेद टाकून १९०० सालीं राहुरीस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या क्रमाचें महत्त्व असें कीं, लक्ष्मीबाई या पतीबरोबर ओढल्या जाऊन आल्या नाहींत. त्या आपल्या पायांनीं, व आपलें गांठोडें घेऊन, आल्या. त्या गांठोड्यांत जुन्या घराची सारी रीत होती. त्यांतलें काय टाकावें व काय ठेवावें याचा निवाडा त्यांनीं एकेक करून केला. सोंवळें टाकलें; आतिथ्य ठेवलें. जातीची पंगत टाकली. पंगतीचा थाट ठेवला. ओवी ठेवली. कीर्तनाचा पाया नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं आधींच घातला होता. टिळकांनीं अभंग, पदें व भजनें यांनीं ख्रिस्ती उपासनेस मराठी कंठ दिला. आणि टिळकांनीं आरंभिलेला 'ख्रिस्तायन' हा ओवीबद्ध ग्रंथ ते १९१९ सालीं वारल्यामुळें अपुरा राहिला, तेव्हां त्याचा उरलेला बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनीं लिहून पुरा केला. ख्रिस्तचरित्र ओवींत सांगणारी ही स्त्री इंग्रजी शिकलेली नव्हती. तिला ओवी शाळेंत मिळाली नव्हती; जात्यावर मिळाली होती.

पुढें लक्ष्मीबाई आजी झाल्या. त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळक हे वडिलांच्या चरित्राची सामग्री गोळा करीत होते, म्हणून त्यांनीं आईस आठवणी लिहावयास सांगितलें. त्यांतून 'स्मृतिचित्रें' निर्माण झालीं. त्यांचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई १९३६ च्या फेब्रुवारींत नाशिकास वारल्या. पुढें त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं 'स्मृतिचित्रां'ची साक्षेपी आवृत्ति सिद्ध केली. आई सांगते, मुलगा लिहवून घेतो, नातू संपादन करतो: आजीची आठवण ऐतिहासिक साधन कशी बनते, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस मराठींत दिसत नाहीं. मुलानें तेव्हां मागितलें नसतें, तर एका थोर कवीचें चरित्र आज आपणांस मिशनच्या वृत्तांतांतून जुळवावें लागलें असतें, आणि एक थोर लेखिका आपणांस ठाऊकच झाली नसती.

जुन्या कालाकडे वळलें तर हाच प्रकार गोंव्यांत अधिक स्पष्ट दिसतो. फादर स्टीफन्स हे १५७९ सालीं गोंव्यास आले आणि त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ असून त्याच्या दुसऱ्या पुराणांत ख्रिस्तजन्माची कथा येते. नवख्रिस्त्यांस पुराण हवें होतें, म्हणून परदेशी पंडितानें पुराण रचलें. येथेंहि मागणी घराची होती व पुरवठा देवळाचा होता. त्यानंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं, १७३६ सालच्या एप्रिलांत, गोंव्याच्या इन्क्विझिशननें एक जाहीरनामा काढून ख्रिस्ती लोकांच्या घरांतील अनेक चालींस बंदी केली. लग्नांत ओव्या गाणें, विडे वाटणें, मिठावांचून भात शिजविणें, एकादशीस उपवास करणें, दारीं तुळस ठेवणें, चोळी व धोतर वापरणें, अशा बाबी त्यांत आहेत. ही यादी वाचतांना आम्हांस तींत आजी दिसते. यांतील बहुतेक गोष्टी स्वयंपाकघरांतल्या, अंगणांतल्या किंवा लग्नघरच्या बायकांच्या आहेत. बाटवाबाटवीला जवळजवळ दोनशें वर्षें होऊन गेल्यावरहि त्या बंद कराव्या लागल्या, याचाच अर्थ त्या चालू होत्या; आणि त्या चालू ठेवणारी व्यक्ति देवळांतली नव्हती. बंदीचा कागद हाच येथें अस्तित्वाचा पुरावा झाला आहे. इन्क्विझिशन १८१२ सालीं कायमचें उठलें. नेवऱ्या मात्र राहिल्या. गोंव्यांत हिंदु घरीं चवथीस आणि ख्रिस्ती घरीं नाताळास त्याच नेवऱ्या होतात.

वसईकडेहि हाच बोध घ्यावा. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली व पोर्तुगीज निघून गेले. राज्य गेलें, राजाश्रय गेला. पण तेथील ख्रिस्ती रयत आपला धर्म व आपली बोली यांसह राहिली. सत्तेच्या जोरावर लावलेलें झाड असतें तर सत्तेबरोबर उन्मळून पडतें. तें टिकलें, कारण मुळें घरांत गेलीं होतीं.

नवा धर्म आणि जुनी ओवी यांचा संयोग ही ख्रिस्ती समाजापुरतीच गोष्ट नाहीं, याचा पुरावा पुन्हां बीड जिल्ह्यांतूनच देतां येतो. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला. त्यांत एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. याच कार्यांत १९९६ सालीं माजलगांवच्या भीमनगरांतील स्त्रियांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत डॉ. आंबेडकर व बुद्ध यांचें गुणगान आहे. १९५६ सालच्या ऑक्टोबरांत नागपुरास धर्मांतर झालें. त्यानंतर या बायकांनीं देव पालटले, पण जातें पालटलें नाहीं व ओवीचा छंद पालटला नाहीं. आषाढी-कार्तिकीच्या ओव्या ज्या चालीवर म्हणत त्याच चालीवर त्या नव्या श्रद्धेच्या ओव्या म्हणूं लागल्या. जें माजलगांवांत विसाव्या शतकांत आपल्या कानांदेखत घडलें, तेंच नगर-जालन्याकडे एकोणिसाव्या शतकांत व गोंव्यांत सतराव्या शतकांत घडलें असलें पाहिजे, असें म्हणण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आजीची आठवण हें साधन विश्वसनीय कितपत? वृद्ध माणसें जी गोष्ट लहानपणीं पाहिली तिला 'पूर्वापार' म्हणतात. पूर्वापार म्हणजे कधीं कधीं चाळीसच वर्षें असतात. नाताळचें झाड खुद्द इंग्लंडांतच एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सर्वत्र झालें. तेव्हां आपल्या खेड्यांत तें त्याहून जुनें असणें शक्य नाहीं, मग घरांत कोणी कांहींहि सांगो. म्हणून आम्ही दोन कसोट्या सुचवितों. एक, तीच रीति परस्परांशीं नातें नसलेल्या निदान दोन घरांत, निरनिराळ्या गांवीं, आढळली पाहिजे. दोन, आठवणीला वस्तूची जोड पाहिजे: साचा, परात, वही, पत्र किंवा कागद. ज्या आठवणीला या दोन्ही कसोट्या लागतील ती दफ्तराच्या शेजारीं बसविण्यास योग्य आहे. ज्या आठवणीला एकहि लागणार नाहीं ती आदरानें ऐकून घ्यावी, पण तिच्यावर इतिहास रचूं नये. दफ्तरांतील कागदालाहि आपण हाच न्याय लावतों. मग आजीलाच निराळा न्याय कां?

शेवटीं संग्राहकांस चार शब्द. आंबेजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंत शके १४७३ ते १५३७, म्हणजे इ. स. १५५१ ते १६१५, या कालांत होऊन गेले. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनीं पंचीकरण लिहिलें. कागद नव्हे, कापड. आणि तें चारशें वर्षें राहिलें. राज्यें गेलीं, छावणी आली व उठली, गांवाचें नांव मोमिनाबाद झालें व पुन्हां आंबेजोगाई झालें, पासोडी राहिली. तिला राजाचें दफ्तरखानें लाभलें नव्हतें. देवघरांत ठेवून वर्षानुवर्षें तिची निगा घेतली गेली, म्हणून ती राहिली. आपल्या संग्रहांतील निम्म्याहून अधिक पोथ्या अशाच घरांनीं राखल्या आहेत, हें प्रत्येक संग्राहक मनांत जाणतो. मग त्या घरांतील ज्या कागदांस आपण पोथी म्हणत नाहीं त्यांच्याकडे आपण पाठ कां फिरवितों?

ख्रिस्ती घरांत असे कागद पुष्कळ आहेत. कुटुंबाच्या बायबलाच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न व मृत्यु यांच्या नोंदी असतात; ती त्या घराची वंशावळच होय. भजनांच्या हस्तलिखित वह्यांत पदाच्या डोक्यावर चाल लिहिलेली असते. ती चाल कोणत्या जुन्या पदाची आहे यावरून त्या घरीं पूर्वीं काय गायिलें जात होतें तें कळतें. फराळाचीं मापें लिहिलेल्या वह्या असतात. त्यांतील शेर व पायली यांवरून काल ठरवितां येतो. कोणाच्या घरीं किती करंज्या पाठविल्या याच्या याद्या असतात. त्यांवरून गांवांतील नातीं व शेजार उघड होतो. आजी गेली कीं तिची पेटी उघडली जाते. लुगडीं वांटलीं जातात, भांडीं वांटलीं जातात, आणि कागद रद्दींत जातात. बायबल तेवढें राहतें, आणि पुढें त्याचीं पानें सुटलीं म्हणजे तेंहि बदललें जातें.

आष्टीपासून परळीपर्यंत व गेवराईपासून केजपर्यंत आपले वाचक व संग्राहक फिरतात. मोडी रुमाल शोधतांना ज्या ओसरीवर ते बसतात, तिच्या शेजारच्या ओसरीवर एखादी ख्रिस्ती आजी बसलेली असेल. तिच्याकडे ताम्रपट नसेल, सनद नसेल. परंतु करंजीचा साचा कोणाचा, भजनाची वही कोणाच्या हातची, आणि नाताळच्या पहाटे पहिलें ताट कोणत्या दारीं जात असे, हें ती सांगूं शकेल. तिचें बोलणें तिच्या गांवाच्या, सांगणाऱ्याच्या वयाच्या व दिवसाच्या नोंदीसह लिहून घ्यावें, आणि वही मिळाल्यास तिची नक्कल करून मूळ वही तिच्याच घरीं ठेवावी. सनदा शंभर वर्षांनींहि सांपडतील. ही साक्ष तितकें थांबणार नाहीं.